दारूचा थेंब नाही, तरी बिल १७,४१५

आमच्या घरात नऊ माणसं आणि दारूला हात लावणारं त्यात एकही नाही. म्हणून क्रूझ बुक करताना सगळ्यांचं एकच म्हणणं, आपल्याला काय, तिकिटात राहणं आलं, जेवण आलं, बारचं बिल ज्यांना करायचंय ते करतील. आणि उतरायच्या आदल्या संध्याकाळी तीन केबिनची बिलं रिसेप्शनवरून छापून आणली, त्यातली निव्वळ पिण्याची बेरीज मारली, तर १७,४१५ रुपये. पाणी, चहा, कॉफी, लिंबूसोडा, मॉकटेल आणि कोल्ड्रिंक. बस.

मी पार्ल्याला आमच्या सोसायटीची खजिनदार आहे, सहा वर्षं झाली, व्हाउचर नसेल तर वॉचमनच्या बॅटरीच्या सेलचेही पैसे मी पास करत नाही. त्यामुळे बोटीवरच्या सगळ्या चिठोऱ्या पर्समध्ये जमवल्या होत्या आणि घरी आल्यावर एका रविवारी जमिनीवर मांडून एकेक पावती वेळेनुसार लावली. नवरा म्हणाला ऑडिट चाललंय का, म्हटलं हो. तेच इथे लिहितेय, कारण ओळखीतल्या तिघींनी विचारलंय की न पिणाऱ्यांना क्रूझवर वरखर्च किती येतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, अनुभव वाईट असा नव्हताच, आणि जे झालं त्यात अर्धा गाढवपणा आमचाच होता.

तर निमित्त सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाल्याचं. शुक्रवारी संध्याकाळी बॅलार्ड पिअरवरून सुटायचं, शनिवारी गोव्यात मुरगाव बंदर, रविवार पूर्ण समुद्रात, सोमवारी सकाळी परत मुंबई. केबिन तीन. एकीत आई-बाबा आणि आमची लेक, वय चौदा, तिला आजीजवळच झोपायचं होतं. दुसरीत मी आणि नवरा. तिसरीत भावजी, जाऊ आणि त्यांची दोन पोरं, अकरा आणि नऊ. कोण कुठल्या केबिनमध्ये झोपलं हे नीट लक्षात ठेवा, पुढे पैशाचा अर्धा हिशोब त्यावरच फिरतो.

पहिला प्रकार बोटीवर चढायच्या आधीच. आईंनी बॅगेत कोकमाच्या आगळाची बाटली घेतली होती, काचेची, घरी भरलेली, लालभडक. स्कॅनरमधून बॅग गेली आणि सिक्युरिटीवाल्याने बाटली वर काढून उजेडात धरली. "माताजी, वाईन है क्या?" आई पन्नास वर्षं मुंबईत राहूनसुद्धा चिडल्या की मराठीतच बोलतात. "वाईन कसली मेल्या, आगळ आहे आगळ, सरबत करायचं." तो निघाला कणकवलीचा. हसला, म्हणाला मला कळतंय आजी, पण सील नसलेली बाटली वर नाही सोडता येत. चिठ्ठी लावून ठेवून घेतली, उतरताना मिळेल म्हणाला. नियम त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे हो, लोक सरबताच्या बाटलीत काय काय भरून नेतात. पण थर्मास आत गेला. आईंच्या थर्मासकडे कोणी बघितलंच नाही कारण त्यात चिवडा भरला होता, चिवडा मऊ पडू नये म्हणून. हा थर्मास पुढे कामाला येतो.

चेक-इनलाच प्रत्येकाला एक कार्ड देतात, तेच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. बोटीवर बारमध्ये रोख चालत नाही, यूपीआयही नाही, फक्त ते कार्ड टेकवायचं, चिठ्ठीवर सही करायची आणि रक्कम केबिनच्या खात्यावर चढते. खात्याला आधी क्रेडिट कार्ड जोडायचं किंवा रोख डिपॉझिट ठेवायचं. आम्ही रोख ठेवलं, केबिनमागे ८,००० रुपये. हे एक काम आम्ही शहाण्यासारखं केलं, का ते सांगते पुढे. वेडेपणा हा केला की लेकीच्या कार्डावर खर्च करायची सोय चालू राहू दिली. मुलांच्या कार्डावरची ती सोय रिसेप्शनवर सांगून बंद करता येते, नाहीतर मर्यादा घालता येते, पण सांगावं लागतं, आपणहून कोणी विचारत नाही.

तिथेच एक गोड बोलणारा मुलगा पॅकेज विकायला उभा. बिनदारूचं पॅकेज, मोठ्यांना तीन दिवसांचे २,७०० रुपये, त्यावर सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स धरून ३,५१० ला पडणार. त्यात कोल्ड्रिंक, ज्यूस, मॉकटेल, कॉफी आणि रोज दोन पाण्याच्या बाटल्या. बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना फक्त कोल्ड्रिंक-ज्यूसचं, सगळं धरून १,२००. अट एकच, एका केबिनमधल्या एका मोठ्याने घेतलं की त्या केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांनी घ्यायचं, म्हणजे एकाच्या कार्डावर दोघं पिणार नाहीत. भावजींनी पोरांची दोन पॅकेजं तिथल्या तिथे घेतली. बाकी आम्ही सगळे म्हणालो, छे, आम्ही काय पितोय.

आता हे पॅकेज न घेणं चूक होती की बरोबर, तर बरोबर होतं, आणि चांगलंच बरोबर होतं. ३,५१० भागिले तीन म्हणजे दिवसाला ११७०. मेन्यूवर मॉकटेल ३५० चं, पण खात्यावर चढतं ४५५ ने, म्हणजे जवळजवळ तीस टक्के वर. फ्रेश लाइम सोडा २०० चा २६० ला. म्हणजे रोज अडीच मॉकटेल नाहीतर साडेचार लाइम सोडे पोटात गेले तरच पैसे फिटणार. तीन वेळचं बुफे जेवून माणसाच्या पोटात एवढी जागा असते का? आम्हा दोघांचं तीन दिवसांचं बिल ३,१८५ झालं, पॅकेजचे ७,०२० गेले असते. भावजी-जाऊचं दोघांचं ३,३१५. आई-बाबांचं २,३४०. लेकीचं, खरं खरं प्यायलेलं, २,९९०, आणि ती चौदाची म्हणून मोठ्यात धरली असती म्हणजे तिला एकटीला घेतलं तरी ते जेमतेम न परवडणारंच. पण तिला एकटीला घेताच आलं नसतं ना, ती आजी-आजोबांच्या केबिनमध्ये, म्हणजे तिघांचे मिळून १०,५३० मोजायचे, ज्यात बाबांना साखर आहे आणि आई मॉकटेलला "रंगीत पाक" म्हणतात. सात जणांना मोठ्यांचं पॅकेज घेतलं असतं तर २४,५७०. प्रत्यक्षात त्या सात जणांचे गेले ११,८३०.

पोरांचं मात्र वसूल. मशीनमधला ग्लास एरवी १३० ला होता, म्हणजे दहाव्या ग्लासापासून फायदा, आणि धाकट्याने शुक्रवारी रात्रीच्या जेवणापर्यंतच दहा रिचवले. रात्री बोट जराशी हलायला लागली आणि ते सगळं बाहेर आलं. भावजी म्हणाले पैसे वसूल झाले, आता परतफेड चालू आहे. जाऊबाईंनी आल्याच्या वड्या नेल्या होत्या, दुसऱ्या दिवशीपासून तो त्यावर आणि इलेक्ट्रॉलवर. पोरांच्या पॅकेजमध्ये एक गोम होती ती अशी की ते फक्त बुफेजवळच्या मशीनला लागू, आणि पोरं असतात कुठे तर स्विमिंग पूलला, तिथल्या बारवर फक्त कॅन. कॅन पॅकेजमध्ये नाही. असे चार कॅन, १९५ प्रमाणे ७८०. मशीन दोन मजले खाली होतं. दोन मजल्यांचं भाडं म्हणा.

कॅनवरून भावजी भडकले होते, छापील किंमत किती आणि हे किती लावतात. मी त्यांना तिथेच सांगितलं की या वादात दम नाही, डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की हॉटेल-रेस्टॉरंटवाले बाटलीबंद वस्तूला एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतात, कारण ते नुसती बाटली विकत नाहीत, बसायची जागा आणि सेवा पण देतात. हे मला कसं माहीत, तर सोसायटीच्या गेट-टुगेदरला हॉलवाल्याशी भांडायला गेले होते आणि तोंडावर पडून आले होते.

पण त्या वाक्यातच आमच्या बिलाची खरी गंमत आहे असं मला पावत्या लावताना दिसलं. आम्ही तहानेसाठी पैसे दिलेच नाहीत. जागेसाठी आणि वेळेसाठी दिले.

लाइम सोड्याचंच घ्या. एकूण दहा, २,६०० रुपये. त्यातले सात असे होते की आम्ही डेकवर नाहीतर काचेजवळच्या लाउंजमध्ये जाऊन बसलो, समुद्र बघतोय, तेवढ्यात वेटर ट्रे घेऊन आला, आणि नवरा लगेच म्हणाला "दोन फ्रेश लाइम, एक स्वीट एक सॉल्ट." तहान नव्हती. हा मुंबईचा रोग आहे. आपल्याकडे इराण्याकडे बसा, उडप्याकडे बसा, टेबल अडवलंय तर काहीतरी मागवायलाच पाहिजे, नाहीतर मालक गल्ल्यावरून बघत राहतो आणि पोरगा येऊन फडकं मारतो. ते इतकं अंगात मुरलंय की बोटीवर, जिथल्या खुर्चीचे पैसे आपण तिकिटात आधीच भरलेत, तिथेही नुसतं बसायची लाज वाटते. रविवारी दुपारी बाबांनी त्या वेटरला सरळ सांगितलं, "नको, आम्ही नुसते बसलोय." तो "ओके सर" म्हणून गेला आणि आम्ही दोन तास बसलो, कोणी उठवलं नाही. सात सोडे म्हणजे १,८२० रुपये, निव्वळ संकोचाचे.

पाण्याचं अजूनच साधं. केबिनमध्ये टेबलावर रोज दोन बाटल्या ठेवलेल्या, गळ्यात एक छोटा पुठ्ठा, त्यावर बारीक अक्षरात १०० रुपये. आपल्याला लॉजपासून स्टार हॉटेलपर्यंत खोलीतल्या दोन बाटल्या फुकट असतात ही सवय, आई-बाबांनी तीन दिवसांत सहा फोडल्या. तिन्ही केबिनच्या मिळून अकरा. १३० प्रमाणे १,४३०. आणि बुफेच्या दाराशी पाण्याचं मशीन, थंड-गरम दोन्ही, दिवसभर चालू, रिकामी बाटली नेऊन भरा.

आईंचा त्यावर आक्षेप होता की बोटीचं पाणी म्हणजे खारं असेल. माझा मावसभाऊ मर्चंट नेव्हीत इंजिनिअर आहे, त्याला गोव्याला नेटवर्क आल्यावर फोन लावून दिला. त्याने समजावलं की मोठ्या जहाजावर समुद्राच्या पाण्यापासूनच गोडं पाणी करतात, एक तर आपल्या घरच्या आरओसारखंच पण प्रचंड दाबाचं, नाहीतर उकळून. उकळायचं म्हणजे वेगळं इंधन जाळत नाहीत, इंजिन थंड करून जे गरम पाणी निघतं त्याचीच उष्णता वापरायची, आणि भांड्यातली हवा काढून घेतली की पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं. वाफ धरून थंड केली की मीठ मागेच राहतं. मग त्यात क्षार घालतात, क्लोरीन घालतात, तेव्हा नळाला सोडतात. वर म्हणाला, मावशी मी तर वर्षानुवर्षं तेच पितोय. आईंना पटलं, पण शनिवारच्या बाटल्या तोवर फुटल्या होत्या, आणि रविवारच्या दोन बाबांनी रात्री उशाशी हव्यात म्हणून घेतल्याच.

बाबा मूळचे वेंगुर्ल्याचे. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचे, तेव्हा बोट बंदराबाहेर लांब उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्याला उतरायचं. प्रत्येक कुटुंबाकडे फिरकीचा तांब्या असायचा म्हणाले, घरचं पाणी घेऊनच निघायचे लोक. शंभर रुपयाची बाटली हातात धरून हे सांगत होते.

सगळ्यात जास्त जीव जळला तो चहाच्या आकड्याने. आठ चहा, १९५ प्रमाणे १,५६०. आता चहा-कॉफी बोटीवर फुकट आहे, कोणी नाही म्हणत नाही, पण कधी? सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि संध्याकाळी चार ते साडेपाच, बुफेच्या काउंटरवर. आई-बाबा उठतात पाचला. वर्षानुवर्षं पाचला. आणि दुपारची झोप झाली की तीनला चहा, चारला नाही. तर शनिवार-रविवार पहाटे पाचला दोघं हातात हात घालून लिफ्टने वर, चोवीस तास उघड्या कॉफी शॉपमध्ये, दोन मसाला चहा, दुपारी तीनला परत दोन. चवीला म्हणे बरा होता, पिशवी बुडवलेला नाही, उकळलेला. आईंनी सही करताना आकडा बघितलाच नाही, चष्मा केबिनमध्ये. आणि खरं सांगते, बघितला असता तरी पहाटेचा चहा सोडला नसता. दीड तास लवकर तलफ येण्याचे हे पैसे.

सुटका शेवटच्या सकाळी झाली, म्हणजे रविवारी रात्री सुचलं. चिवडा संपला होता. थर्मास धुतला, बुफे बंद व्हायच्या आधी त्यात उकळतं पाणी भरून घेतलं, तिथूनच साखर, दूध पावडर आणि चहाच्या पिशव्या उचलल्या, केबिनमधल्या कपांत सोमवारी पहाटे पाचला दोघांनी खिडकीशी बसून चहा घेतला. आई म्हणाल्या पुचाट होता, पण फुकटचा होता. विजेची किटली मात्र घेऊन जाऊ नका, तापणाऱ्या वस्तू आगीच्या भीतीने बोटीवर चालत नाहीत, काढून घेतात.

मॉकटेलबद्दल मी वेगळं लिहिणार होते पण फारसं लिहिण्यासारखं नाही. नऊ झाली, ४,०९५ रुपये, एका पैशाचं वाईट वाटलं नाही. ते प्यायचे पैसे नव्हतेच, उंच ग्लास, त्यात छत्री, मागे सूर्यास्त, लेकीचे फोटो. फक्त गोडमिट्ट असतात. जाऊबाईंनी तिसऱ्या मॉकटेलच्या वेळी बारवाल्याला सांगितलं की सिरप अर्धं आणि लिंबू जास्त, त्याने आनंदाने केलं. आणि ज्यांना थेंबही चालत नाही, कुणाचा उपवास-व्रत असेल, कुणाची औषधं चालू असतील, त्यांनी एक विचारून घ्या, काही बारवाले लाइम सोड्यात चवीला बिटर्सचे, म्हणजे दारूत काढलेल्या कडू अर्काचे थेंब टाकतात. अंगोस्तुरा नावाचं जे प्रसिद्ध बिटर्स आहे त्यात ४४.७ टक्के अल्कोहोल असतं. दोन-चार थेंबांनी कोणी झिंगत नाही पण आईंना नंतर कळलं असतं तर मला घरात राहणं मुश्किल होतं. "नो बिटर्स" एवढं म्हटलं की झालं.

आता बिल कसं उघडकीला आलं ते. रविवारी संध्याकाळी लेक तोंड पाडून आली, "आई, कार्ड चालत नाहीये." डिपॉझिट ८,०००, त्या केबिनच्या खात्यावर ७,७३५ चढलेले, ४५५ चं मॉकटेल बसेना. मी म्हटलं काय? सात हजार? आजी-आजोबांच्या केबिनवर? म्हणून म्हणते, रोख डिपॉझिट ठेवलं ते बरं झालं, क्रेडिट कार्ड जोडलेलं असतं तर सोमवारी सकाळी दारात पाकीट मिळालं असतं आणि उतरायच्या घाईत कोण बघतंय. केबिनच्या टीव्हीवर रोजचं खातं दिसत होतं हेही मला तेव्हाच कळलं, तीन दिवस आम्ही त्या टीव्हीवर फक्त बोट कुठवर आली तो नकाशा बघत होतो.

छापील बिलात दोन नोंदी खटकल्या. एक, शनिवारी रात्री ११:४० ला एकच मॉकटेल दोनदा, मिनिटाचाही फरक नाही. दुसरी, "स्पार्कलिंग ज्यूस, बाटली" १,९५०. ही कुठली? तर शनिवारी रात्रीच्या जेवणात आई-बाबांसाठी केक आला होता, लेकीने बुकिंगच्या फॉर्ममध्ये लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं लिहिलं होतं, सगळा स्टाफ टाळ्या वाजवत आला, बरोबर एक शॅम्पेनसारखी बाटली, फटाक् करून उघडली, ग्लास भरले. आम्हाला वाटलं केकसारखीच तीही भेट. आईंनी तर तोंडाला लावली नाही, वास घेऊन बाजूला ठेवली, "दारूच दिसते." दारू नव्हती, पण त्यांचा संशय अगदीच वेडा नाही हं. आपल्या अन्न सुरक्षा नियमांत दारू कशाला म्हणायचं तर ज्यात अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल आहे त्याला, म्हणजे त्याच्या आतलं पेय दारू न ठरताही अगदीच शून्य असेल असं नाही. बाटलीवर ०.० लिहिलंय का बघायचं.

रात्री साडेनऊला रिसेप्शनवर रांग. सगळ्या बोटीला शेवटच्या रात्रीच आठवतं. चाळीस मिनिटं उभी होते. डेस्कवरची मुलगी दमलेली पण सभ्य. मी आवाज चढवला नाही, पावत्यांची चळत टेबलावर ठेवली आणि म्हटलं, बाळा, मॉकटेलची माझ्याकडे एकच सही आहे, आणि या बाटलीची एकही नाही, तुमच्याकडे असली तर दाखव. ती आत जाऊन शोधून आली. सही नव्हती. दोन्ही नोंदी काढल्या, २,४०५ रुपये कमी. राहिले १५,०१०. तिथे जर मी "आम्हाला फसवलं" असं सुरू केलं असतं ना तर मॅनेजरला बोलवा, फॉर्म भरा, ईमेल करा, हेच झालं असतं. सही मागायची. बाकी काही नाही.

नवऱ्याला सर्व्हिस चार्जवरून पण भांडायचं होतं. त्याचं म्हणणं, जुलै २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेल-रेस्टॉरंटांना सांगितलंय की बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलंय. बरोबर आहे त्याचं. पण तिकिटासोबत आलेल्या अटींमध्ये या बोटीने तो आधी लिहून दिला होता, त्या आम्ही न वाचता "मान्य" केल्या होत्या, आणि रात्री साडेदहाला त्या दमलेल्या मुलीला कोर्टाचा निकाल ऐकवणं मला काही जमेना. सोडून दिलं. कुणाला लढायचं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, मीही एकदा बिल्डरच्या भानगडीत वापरलीय.

पार्ल्यातल्या ज्या मैत्रिणीने सिंगापूरहून निघणारी मोठी क्रूझ बुक केलीय तिच्यासाठी थोडं. अमेरिकन कंपन्यांच्या बोटींवर पद्धत हीच, कार्ड आणि खातं, पण हिशोब डॉलरमध्ये. रॉयल कॅरिबियनवर ड्रिंकच्या किमतीवर १८ टक्के टिप आपोआप लागते, नॉर्वेजियनवर २०, म्हणजे मेन्यूचा आकडा कधीच खरा आकडा नसतो. पाणी, साधा चहा-कॉफी, लेमोनेड बुफेवर फुकट. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल दोघेही चढायच्या दिवशी कोल्ड्रिंकचे ठरावीक कॅन हातातल्या सामानात आणू देतात, तेव्हा पोरं असतील तर पॅकेजआधी हा हिशोब कर, फक्त तुझ्या बुकिंगच्या अटींत आत्ता काय लिहिलंय ते बघूनच. आणि शेवटी पैसे देताना मशीनने रुपये की डॉलर विचारलं तर डॉलर म्हण. रुपये म्हटलंस की ते डॉलरला स्वतःचा चढा भाव लावतात.

आमच्या १५,०१० चं मी शेवटी असं धरलं. पाणी १,४३०, आई-बाबांचा चहा १,५६०, कॅन ७८०, आणि ते सात संकोचाचे सोडे १,८२०, हे मिळून ५,५९० वाया. बाकीचे मजेचे. कोल्ड कॉफी लेकीने तीन प्यायली ३९० प्रमाणे, ती मी मजेतच धरलीय, नवरा नाही धरत. आणि अख्ख्या बोटीवरचं सगळ्यात चांगलं पेय विचाराल तर दुपारच्या जेवणात मोठ्या भांड्यात ठेवलेलं ताक, जिरं, कोथिंबीर घातलेलं, फुकट, आणि आम्ही ते पहिले दोन दिवस बघितलंच नाही कारण ते सॅलडच्या मागे होतं.

वाटणीवरून घरी थोडी कुरबूर झाली. केबिनप्रमाणे द्यायचं ठरलं, पण मग लेकीचे २,९९० आई-बाबांच्या गळ्यात पडतात, तर ते आम्ही घेतले. भावजींनी आपले ६,४९५ त्याच दिवशी यूपीआय केले, खाली लिहिलं "पोटदुखीसकट". बाबांनी चहा-पाण्याचे २,३४० पाकिटात घालून माझ्या हातात ठेवले, नको म्हटलं तर ऐकेनात, डिपॉझिटमधून कापून झालेत हे दोनदा समजावलं तरी म्हणाले डिपॉझिट तुम्हीच भरलं होतं ना. घेतले. व्हाउचर केलं, त्यांची सही घेतली.

आगळाची बाटली सोमवारी धक्क्यावर परत मिळाली, चिठ्ठीवर केबिन नंबर आणि पुढे इंग्रजीत "लाल द्रव". घरी पोचल्यावर आईंनी बॅगा उघडायच्या आधी मोठ्या पातेल्यात सगळ्यांसाठी सरबत केलं, भावजींचं कुटुंबही पार्ल्यालाच उतरलं होतं. नऊ ग्लास. धाकट्याने दोन घेतले.